शेवटच्या डब्यावरची पाटी

संगणकाचा कट्टा

दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही जेवणाच्या रांगेत उभे होतो. एका हातात ताट, दुसऱ्या हातात मठ्ठ्याचा कागदी पेला, आणि सगळं लक्ष जिलब्यांच्या परातीवर. तेवढ्यात एका मित्राच्या लेकीनं गाठलं. कॉलेजात संगणकशास्त्र शिकते, मराठी झकास बोलते. म्हणाली, "काका, 'मराठी' या शब्दाची लांबी किती हो?"

"तीन," आम्ही म्हणालो. म, रा, ठी. यात विचारायचं काय?

"माझा प्रोग्राम पंधरा म्हणतो."

मागे उभे असलेले आपल्या मंडळाचे डॉक्टर (दातांचे) मान पुढे काढून म्हणाले, "पाच असणार. तीन अक्षरं, एक काना, एक वेलांटी."

आणि मंडळी, गंमत अशी की तिघंही बरोबर होते. पण हे जिलबी संपायच्या आत पटवून देणं आम्हांला जमलं नसतं. म्हणून "पुढच्या अंकात लिहितो" असं सांगून आम्ही सुटका करून घेतली. आता लिहिणं आलं.

मुलगी 'सी' भाषेत प्रोग्राम लिहीत होती. ही भाषा तशी आपल्या शेजारची. न्यू जर्सीतच मरे हिलला बेल लॅब्ज आहे, तिथं १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी ती घडवली. आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्या रस्त्यानं रोज गाडी हाकली असेल, आणि ज्यांच्या पोटापाण्याची सोय या भाषेनं केली असेही आपल्यात बरेच आहेत. रिची २०११ च्या ऑक्टोबरात गेले. त्याच महिन्यात स्टीव्ह जॉब्सही गेले. पेपरांत जॉब्सची पानंच्या पानं आली. रिचींची बातमी शोधावी लागली, याचं आम्हांला अजून वाईट वाटतं. असो.

संगणकाची स्मृती म्हणजे एका सरळ रेषेत बांधलेली चाळ समजा. प्रत्येक खोलीला नंबर, आणि एका खोलीत एक बाइट. 'पुणे' हे नाव इंग्रजी लिपीत लिहिलं तर पी, यू, एन, ई अशा चार खोल्या लागतात. आता प्रश्न असा, की नाव कुठं संपलं हे यंत्राला कळायचं कसं? पुढच्या खोल्या काही रिकाम्या नसतात. त्यांत आधीच्या बिऱ्हाडाचं सामान पडलेलं असतं, किंवा शेजारच्याचा संसार थाटलेला असतो.

सी भाषेनं यावर काढलेला तोडगा समजायला आपल्याकडची आगगाडी आठवा. शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी पिवळी फुली रंगवलेली असते आणि 'एल. व्ही.' अशी एक पाटी टांगलेली असते. म्हणजे लास्ट व्हेईकल, शेवटचा डबा. गाडी धडधडत जाते तेव्हा स्टेशनवरचा माणूस ती पाटी बघायला उभा असतो. पाटी दिसली म्हणजे अख्खी गाडी गेली, मधेच डबे सुटून मागे राहिलेले नाहीत. सी भाषेत अक्षरांच्या माळेच्या शेवटी अशीच पाटी असते. एका खोलीत शून्य ठेवायचं, बस्स. हे शून्य म्हणजे आकडा लिहिताना वापरतो ते चिन्ह नव्हे बरं का. त्या चिन्हाला संगणकाच्या तक्त्यात ४८ हा क्रमांक आहे. इथं खोलीतली किंमतच शून्य.

लांबी मोजणारं जे फंक्शन आहे त्याला 'स्ट्रलेन' म्हणतात. त्याचं काम म्हणजे अक्षरशः फलाटावर उभं राहून डबे मोजणं. पहिल्या खोलीपासून निघायचं, दार उघडायचं, शून्य नसेल तर एक मोजून पुढं, शून्य दिसलं की थांबायचं आणि आकडा सांगायचा. कर्निघन आणि रिची यांचं १९७८ चं जे छोटेखानी पुस्तक आहे (आमची प्रत हळदीच्या डागासकट अजून फडताळात आहे) त्यात हे फंक्शन तीन निरनिराळ्या तऱ्हांनी लिहून दाखवलंय, आणि तिन्ही वेळा ते चार-पाच ओळींत आटपतं. यापेक्षा सोपं फंक्शन सापडायचं नाही. आणि गेल्या पन्नास वर्षांत याच्या आसपास झाल्या तेवढ्या चुका दुसरीकडे क्वचितच झाल्या असतील.

कुणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला? डबे किती हे इंजिनावरच लिहून टाकावं की! तसंही करून झालेलं आहे. सी भाषेची आजी 'बीसीपीएल', तिच्यात माळेच्या सुरुवातीलाच लांबी लिहीत. पण ती मावायची आठ-नऊ बिटांच्या जागेत, म्हणजे माळ फार लांब झाली की आकडा बसेना. टर्बो पास्कल ज्यांनी वापरलं असेल त्यांना २५५ अक्षरांची ती लक्ष्मणरेषा आठवत असेल, तिचं कारण हेच. केन थॉम्पसन यांनी 'बी' भाषा केली तेव्हा पुढचा आकडा काढून शेवटी खूण ठेवली, आणि रिचींनी सीमध्ये ती खूण शून्याची केली. रिचींनी १९९३ मध्ये स्वतःच लिहिलंय की एक तर लांबीवरची मर्यादा नको होती, आणि दुसरं म्हणजे आकडा सांभाळत बसण्यापेक्षा शेवटाची खूण ठेवणं त्यांना सोयीचं वाटलं. मनुष्यस्वभाव! आम्हीही घरखर्चाची वही ठेवत नाही, खात्यात शून्य दिसलं की थांबतो.

यात पहिली मेख अशी, की स्ट्रलेन पाटी मोजत नाही, पण पाटीला जागा मात्र लागते. 'पुणे'ची लांबी चार, खोल्या पाच. जागेचं माप सांगणारं 'साइझऑफ' म्हणून दुसरं एक साधन आहे, ते इथं पाच सांगेल. दोन्ही बरोबर, कारण एक विचारतंय माणसं किती आणि दुसरं विचारतंय खोल्या किती. पुढं हीच माळ एखाद्या फंक्शनच्या हाती दिली की साइझऑफ भलतंच सांगू लागतं. कारण तिथं पोचतो तो नुसता पत्ता, आणि आजच्या यंत्रांवर पत्त्याचं माप बहुतेक करून आठ बाइट. मग नाव 'पुणे' असो की 'तिरुवनंतपुरम', उत्तर आठ. नवशिके इथं हमखास आपटतात. जुनेही आपटतात, फक्त ते सांगत नाहीत.

आम्ही सांगतो. १९९४ साली आपल्या मंडळाची पत्त्यांची लेबलं छापायचा प्रोग्राम आम्ही सी भाषेत लिहिला होता. तोवर हे काम एक काका करायचे. मंडळ सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. बुटांच्या खोक्यात कार्डं आणि डोक्यात सगळ्यांचे पत्ते. दर तिमाहीला आमच्या डायनिंग टेबलावर बसून ते पाकिटांवर सुवाच्य अक्षरात नावं घालत आणि काकू तिकिटं चिकटवत. संगणकावर आणायची कल्पना आमची. काका म्हणाले, "कर बाबा, पण नावं चुकवू नकोस. पत्ता चुकला तर पोस्टमन माफ करतो, नाव चुकलं तर माणूस करत नाही."

नावाला आम्ही २४ खोल्या दिल्या. त्याला लागून पुढच्या २४ खोल्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावाला. अमेरिकन नावाला एवढं पुष्कळ झालं. पण आपलं नाव म्हणजे स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, आणि हौस असेल तर माहेरचं आडनावही. बहुतेकांनी इकडं येऊन मधल्या नावाचं एक आद्याक्षर केलं होतं म्हणून आमचं निभावलं. आम्ही स्वतःच्या नावावर चाचणी घेतली, सौ.च्या नावावर घेतली. छान छापून आलं. कडेला भोकं असलेली लेबलांची ती लांबलचक माळ डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून कर्र कर्र करत बाहेर यायची आणि आमची छाती फुगायची.

पुढच्या वर्षी काका गेले. अचानकच. आम्ही त्यांची नोंद पुसली नाही, संस्थापकांच्या यादीसाठी नाव हवं होतं. फक्त एक खूण घातली, की ही खूण असली तर लेबलावर जोडीदाराचं नाव छापू नये. मग काकूंचा फोन आला. त्यांना आता सूचीत आपलं संपूर्ण नाव हवं होतं. आतापर्यंत आद्याक्षरावर भागत होतं, आता मधे ह्यांचं पूर्ण नाव घाल म्हणाल्या. आम्ही घातलं. दोन मोकळ्या जागा धरून नाव भरलं बरोब्बर २४ अक्षरांचं.

जाणत्यांच्या लक्षात आलं असेल. २४ खोल्या, २४ अक्षरं, पाटीला जागाच नाही. अक्षरं एका जागेहून दुसरीकडे नेण्यासाठी आम्ही 'स्ट्रएनकॉपी' वापरलं होतं, आणि ते सुरक्षित असं आम्हांला कुणीतरी सांगितलं होतं. ते दिलेल्या खोल्यांच्या पलीकडे जात नाही हे खरं. पण खोल्या पुरेपूर भरल्या तर शेवटी शून्यही ठेवत नाही! हे त्याचं वैगुण्य म्हणावं तर तसंही नाही. जुन्या युनिक्समध्ये फाइलच्या नावाला ठरावीक १४ खोल्या असत, तशा जागेसाठी ते केलेलं होतं. तिथं वाचणाऱ्यालाच माहीत असायचं की चौदाच्या पुढं जायचं नाही. आमच्या छापणाऱ्या ओळीला असं काही माहीत नव्हतं. ती पाटी शोधत राहिली. २४ डबे गेले, पाटी नाही. ती तशीच पुढच्या बिऱ्हाडात शिरली, तिथं काकांचं नाव होतं, ते संपल्यावर तिला शून्य भेटलं आणि ती थांबली. 'छापू नये' ही खूण बिचारी दाराशी उभी होती. पण चोर भिंतीतून गेला.

दिवाळीच्या निमंत्रणाच्या पाकिटावर काकूंच्या नावाला चिकटून, मधे जागाही न सोडता, काकांचं नाव आलं. त्यांचं नाव काकूंच्या नावात एकदा होतंच. म्हणजे दोनदा.

काकूंचा फोन आला. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "पाकीट पोचलं रे. जेवणाची कुपनं किती घेऊ, एक का दोन?"

आम्हांला काही सुचेना. चूक यंत्राची झाली असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण यंत्रानं आम्ही सांगितलं तेच केलं होतं. शेवटी नुसतं "चुकलो काकू" एवढंच बोललो. त्यांनी कुपनं दोन घेतली. कार्यक्रमाला येताना स्टीव्हन्स कॉलेजात शिकायला नुकत्याच आलेल्या एका मुलाला बरोबर घेऊन आल्या आणि दुसरं कुपन त्याच्या हातात दिलं.

त्या रात्री आम्ही प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. शेवटच्या खोलीत काहीही होवो, शून्य ठेवायचंच. नाव एका अक्षरानं कापलं गेलं तरी चालेल. मग मनात आलं, कापलेलं तरी का चालावं? आणि खोल्या वाढवून ६४ केल्या. मधल्या वेळात सौ. दोनदा झोपायला बोलावून गेली.

आमची चूक फार तर एका पाकिटाची. असल्याच चुकीनं २ नोव्हेंबर १९८८ ला अख्खं इंटरनेट आजारी पडलं होतं, तेव्हा ते होतं केवढंसं म्हणा. कॉर्नेलचा एक विद्यार्थी, रॉबर्ट मॉरिस, त्यानं एक किडा सोडला. हा किडा ज्या वाटांनी घुसायचा त्यांतली एक वाट अशी होती: युनिक्सच्या एका सेवेत बाहेरून आलेली ओळ वाचायला 'गेट्स' नावाचं फंक्शन वापरलेलं होतं. (बिल गेट्सचा काही संबंध नाही.) या फंक्शनला जागा कुठं आहे ते सांगता येतं, पण किती आहे ते सांगायची सोयच नाही! ५१२ खोल्यांच्या जागेत किड्यानं ५३६ बाइट पाठवले, आणि जास्तीचे जे होते ते शेजारच्या भिंतीतून आत जाऊन यंत्राला आपल्या तालावर नाचवू लागले. मुलाचे वडील पूर्वी बेल लॅब्जमध्ये युनिक्सवरच काम केलेले, हा त्यातला आणखी एक दैवदुर्विलास. गेट्स हे फंक्शन भाषेच्या अधिकृत प्रमाणातून काढून टाकायला २०११ साल उजाडावं लागलं. आमच्याकडं तुटकी छत्रीसुद्धा इतकी वर्षं कुणी ठेवत नाही. बरं, ठेवतात.

दुसरी एक गोष्ट तरुण वाचकांसाठी, नातवंडांना वाचून दाखवा. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चा जो ऑनलाइन खेळ आहे तो सुरू व्हायला मिनिटंच्या मिनिटं लागत. २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रामरनं आत डोकावून पाहिलं. खेळातल्या विकाऊ वस्तूंची सुमारे १० मेगाबाइटची एक यादी होती, ६३ हजार नोंदींची. ती वाचायला जे तयार फंक्शन वापरलं होतं ते दर वेळी एक तुकडा वाचण्याआधी आतल्या आत स्ट्रलेन बोलवायचं. म्हणजे पोथीचं एकेक पान वाचण्याआधी उरलेली पानं शेवटपर्यंत मोजायची, मग एक पान वाचायचं, परत मोजायची. त्यानं लांबी एकदाच मोजून लक्षात ठेवली, आणखी एक अशीच खुळचट गोष्ट दुरुस्त केली, आणि सुरू व्हायचा वेळ सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. कंपनीनं त्याला १० हजार डॉलर दिले. स्ट्रलेन सोपं आहे, फुकट नाही, एवढं यातून आमच्या ओळखीच्या पुष्कळ पोरांना कळलं.

हे सगळं झालं इंग्रजी अक्षरांचं, जिथं एक अक्षर म्हणजे एक खोली. आता जिलबीच्या रांगेत परत येऊ.

देवनागरी संगणकात आणताना पहिल्यांदा आपल्या लोकांनी जे प्रमाण केलं ते 'इस्की'. भारतीय मानकांत ते १९९१ साली आलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं त्यावर भरपूर काम केलं. त्यात म ला एक बाइट, र ला एक, कान्याला एक. या हिशेबानं 'मराठी' पाच बाइटांत बसते. म्हणजे दातांच्या डॉक्टरांचं उत्तर. त्याच काळात छपाईसाठी जे फॉन्ट निघाले त्यांची तऱ्हा निराळी. आपला हा अंकही तेव्हा तशाच फॉन्टांत लागायचा. त्यांत अर्धा श वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा असे छपाईचे तुकडे असत, आणि एकाचं गणित दुसऱ्याला लागू नसे. फॉन्ट बदलला की शब्दाची लांबी बदलली! लेखकांच्या फ्लॉप्या आमच्याकडं यायच्या आणि उघडल्यावर पडद्यावर मुंग्यांची रांग दिसायची, ते दिवस संपादक मंडळातले कुणीही विसरलेले नाहीत.

मग युनिकोड आलं, आणि देवनागरीची मांडणी त्यांनी इस्कीवरूनच घेतली. म, र, काना, ठ, वेलांटी, पाच चिन्हं, प्रत्येकाला आपापला क्रमांक. पण हे क्रमांक मोठे, एका बाइटच्या खोलीत मावेनात. दोन-दोन बाइट द्यावेत तर इंग्रजी अक्षरांच्या वाट्याला येणाऱ्या दोन बाइटांतला एक शून्य, आणि शून्य दिसलं की सी भाषा थांबलीच! जगातले सगळे जुने प्रोग्राम पहिल्या अक्षरावर आडवे झाले असते.

याची सोडवणूकही आपल्याच राज्यात झाली. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये रात्री जेवता जेवता केन थॉम्पसन यांनी टेबलावरच्या कागदी आसनावर बिटांची एक मांडणी काढली. समोर रॉब पाइक बसले होते. तिला आज 'यूटीएफ-८' म्हणतात आणि जवळजवळ सगळं इंटरनेट तिच्यावर चालतं. इंग्रजी अक्षर पूर्वीसारखंच एका बाइटात. बाकीच्यांना दोन, तीन किंवा चार. आणि त्या जास्तीच्या बाइटांत शून्य कधीही येणार नाही अशी तजवीज. म्हणजे शेवटच्या डब्याची पाटी शाबूत! जुनं स्ट्रलेन काहीही बदल न करता मराठीवरही चालतं. फक्त ते डबे मोजतं, आणि देवनागरीच्या दर चिन्हाला डबे लागतात तीन. पाच त्रिक पंधरा.

कितवा डबा कुणाचा हेही कळतं. जो बाइट आधीच्याला जोडलेला असतो त्याच्या सुरुवातीचे दोन बिट नेहमी १ आणि ० असतात. ते सोडून बाकीचे मोजले की पाच मिळतात. पण आमचं तीन? ते मिळवायला काना, मात्रा, वेलांट्या मागच्याला जोडायच्या, हलन्त आला तर पुढचं व्यंजनही आत घ्यायचं, असे नियम लिहावे लागतात. सी भाषेला यातलं काही ठाऊक नाही. 'ज्ञानेश्वर' घ्या. आपल्या लेखी अक्षरं चार, युनिकोडच्या लेखी चिन्हं दहा, स्ट्रलेनच्या लेखी तीस. आपल्या पूर्वजांनी मात्र हा प्रश्न केव्हाच निकालात काढला होता. भुजंगप्रयाताच्या चरणात अक्षरं बारा, त्यात 'श्री' आला तरी एक आणि 'अ' आला तरी एक. मनाचे श्लोक त्याच वृत्तात आहेत, आणि आपल्या रविवारच्या शाळेतली पोरं बोटांवर मोजून बारा भरवतात. त्यांना तुमचं युनिकोड विचारायला जायला नको.

याचा खिशावर परिणाम होतो, ते वेगळंच. फोनवरून साधा एसएमएस पाठवला तर इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात आणि मराठीत ७०. ती ७० सुद्धा काने-मात्रे-हलन्त धरून. संक्रांतीच्या शुभेच्छा मंडळातर्फे पाठवल्या तेव्हा 'स्नेहवर्धिनी'सारखे शब्द घालणाऱ्या आमच्या चिटणिसांना खजिनदारांनी दिलेली समज आम्ही या कानांनी ऐकली आहे.

आणखी एक खास मराठी पीडा. 'कऱ्हाडे' या नावातला तो डोळ्याच्या पापणीसारखा र. तो दोन तऱ्हांनी उमटवता येतो. एका तऱ्हेत खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं. पण पहिल्याची लांबी २१, दुसऱ्याची २४. यंत्राच्या दृष्टीनं ही दोन वेगळी कुटुंबं. या वर्षी सूची प्रथमच देवनागरीत करायला घेतली तेव्हा एकच कऱ्हाडे कुटुंब दोनदा सापडलं आणि वर्गणीची आठवण त्यांना दोनदा गेली. त्यांनी ती एकदाच भरली, हे आम्ही संशोधनाच्या दृष्टीनं नोंदवून ठेवतो.

हो, सूचीचं काम पुन्हा आमच्याकडंच आलंय. प्रोग्राम अजून सीमध्येच आहे, मुलं हसतात. पहिल्या खेपेला आम्ही नावाला ४० खोल्या ठेवल्या. पाटी धरून बरं का, तेवढं शहाणपण आता आहे. पण बऱ्याच नावांचा शेवट काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हानं झाला. पाटीची एक आणि मोकळ्या जागेची एक खोली गेल्यावर उरल्या ३८. बारा चिन्हं बसली आणि तेराव्याचे तीनपैकी दोनच बाइट आत आले. माणूस दाराशी, एक पाय आत, एक बाहेर. मग मागं सरकत जाऊन अर्धवट चिन्ह काढून टाकायची ओळ लिहिली, तर एका सद्गृहस्थांचं नाव 'ज्ञानेश्' वर थांबलं. बाइटांच्या दृष्टीनं चोख, पण त्यांना दाखवायची आमची छाती नव्हती. शेवटी ठरवलं की कापायचंच नाही. कुणाचं नाव बसेना झालं तर प्रोग्रामनं थांबावं आणि आम्हांला विचारावं.

किती खोल्या ठेवाव्यात हे ठरवायला सगळ्यात लांब नाव शोधत बसलो. काकूंचं आठवलं. इंग्रजीत २४ होतं ना. देवनागरीत लिहून पाहिलं. अक्षरं ११, मोकळ्या जागा धरून चिन्हं २२, आणि स्ट्रलेन म्हणालं ६२. पाटी धरून ६३. त्या रात्री वाढवलेल्या ६४ खोल्यांत बसलं, वर एक खोली शिल्लक.

तरी ऱ्हस्वदीर्घाची खात्री करावी म्हणून फोन केला. काकू आता पंच्याऐंशीच्या आहेत, लेकीकडं असतात, ऐकायला जरा कमी येतं. एकेक अक्षर त्यांनी सांगितलं, आम्ही लिहून घेतलं.

"आणि ह्यांचं?" त्या म्हणाल्या.

"संस्थापकांच्या यादीत आहे ना, काकू. पहिल्याच पानावर."

"ते असू दे. माझ्या खाली पण घाल. पण वेगळ्या ओळीत घाल बाबा, मागच्यासारखं चिकटवू नकोस."